चादरीवरचा पिवळा पट्टा

१

शनिवारी सकाळी नऊला मी मावशीचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले, तेव्हा माझ्या डोक्यात एकच काळजी होती. एकतीस चित्रं कागदात गुंडाळायची होती, आणि चिकटपट्टीशी माझं जन्माचं वैर आहे. रविवारी टेम्पो येणार होता. सोमवारी प्रदर्शन.

दार उघडंच होतं. मावशी रंगखोलीत फरशीवर बसली होती. जिचे गुडघे गेली चार वर्षं संपावर आहेत, ती बाई फरशीवर!

"मावशी! पडलीस का?"

"नाही गं. बसले."

तिच्यासमोर भिंतीला टेकून 'सकाळचं टेबल' उभं होतं. हे चित्र तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. तीन फूट रुंद कॅनव्हास. एक टेबल, दोन कप, मागे सरकवलेली खुर्ची, आणि टेबलावर पांढरी चादर. बस्स. पण ती चादर! मावशीने तीस वर्षांपूर्वी सात आठवडे फक्त ती चादर रंगवली होती. ह्या चित्राने तिला नाव मिळवून दिलं. त्याआधी ती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांसाठी मुळं आणि पानं काढायची.

आता त्या चादरीवर, टेबलाच्या कडेवरून खाली उतरणाऱ्या घडीवर, एक पट्टा होता. बोटाएवढा रुंद, वीतभर लांब. पिवळा, लोण्यासारखा. मी बोट लावलं तर बोटाला आला. ओला!

"कोणी केलं हे?" मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

मावशीने चष्मा लावला, बसल्या बसल्याच पुढे सरकली आणि पट्ट्याला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं. मग चष्मा काढला. चेहरा असा झाला की जणू कोणी आतून दिवा घालवला.

"हॉलवर फोन लाव," ती म्हणाली. "सांग, प्रदर्शन रद्द."

"एका पट्ट्यासाठी?"

"पट्ट्यासाठी नाही," मावशी म्हणाली आणि चित्रावर जुना पडदा टाकला.

२

आता माणसं सांगते. थोडीच आहेत.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. काका म्हणजे तिचा नवरा. दोघंही चित्रकार. एकाच कॉलेजात होते, एकाच बाकावर भांडले, आणि लग्न करून एका खोलीत राहायला गेले. त्या खोलीला खिडकी एक आणि ईझलही एकच. मग ठरलं, सकाळचा उजेड तिचा, दुपारचा त्याचा. पण दुपारच्या उजेडाने घर चालेना. तेव्हा काकांनी शाळेत चित्रकलेच्या मास्तरांची नोकरी धरली. अठ्ठावीस वर्षं! मुलांकडून फुलदाण्या काढून घेतल्या आणि स्वतःची चित्रं रविवारी काढली. छपरं, गल्ल्या, वाळत घातलेले कपडे. मावशी मोठी झाली, तिच्यावर लेख आले. काका 'तिचे यजमान' झाले.

हॉलवाल्या बाई कित्येक वर्षं मावशीच्या मागे होत्या की तुमचं एकटीचं मोठं प्रदर्शन करू. मावशी दरवेळी म्हणायची, "दोघांचं असेल तरच." शेवटी ह्या वर्षी बाई कबूल झाल्या. म्हणजे सोमवारी काकांची चित्रं आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतींवर लागणार होती. आणि ही म्हणते रद्द!

"मला पाचपर्यंत वेळ दे," मी म्हणाले. "तोपर्यंत कोणी केलं ते मी शोधून काढते."

"नको शोधूस."

"का?"

"माझं डोकं दुखतंय म्हणून." पण तिने फोन उचलला नाही. "बरं. पाचपर्यंत. आणि काकाला काही विचारायचं नाही, सांगून ठेवते."

काका सकाळी आठलाच हॉलवर गेले होते, त्यांची कोळशातली चित्रं लावायची जागा ठरवायला. गेलं वर्षभर ते फक्त कोळसाच वापरत होते. रंगांचा कंटाळा आला म्हणाले. मला ते 'भुंगा' म्हणतात, कारण मी एकदा प्रश्न विचारायला लागले की थांबत नाही. आता भुंग्याला सांगायचं, काकांना काही विचारू नकोस. वा!

मी वही उघडली. शुक्रवारी दुपारी चार वाजता चित्र धडधाकट होतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मीच ह्या खोलीत बसून चित्रांची यादी केली होती. काका शेजारी खुर्चीत पाय पसरून बसले होते, एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात निळा. मी हसले तर म्हणाले, "फॅशन आहे, तुला नाही कळायची." मग यादी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली. "तुझा आवाज छान आहे गं," म्हणाले. आमच्या संगीताच्या बाईंचं मत वेगळं आहे, तरी मी वाचली.

साडेचारला मी घरी गेले. पाचला फ्रेमवाला आला. सहाला हॉलवाल्या बाई मावशीला आणि तिच्या शिष्येला हॉलच्या भिंती दाखवायला घेऊन गेल्या. आठला सगळे परत आले आणि रंगखोलीत नंतर कोणी गेलं नाही.

मी पडदा वर केला आणि खिडकीचा उजेड तिरका पडेल असं चित्र फिरवलं. तेव्हा ते दिसलं. पिवळ्याच्या खाली एक रेघ होती. खोल, सरळ, टोकदार वस्तूने ओढल्यासारखी.

म्हणजे आधी ओरखडा. रंग नंतर. आणि तो रंग फासलेला नव्हता. चादरीची घडी जशी वळत होती, तसा ब्रशही वळला होता, अगदी जपून.

ज्याला चित्र बिघडवायचंय, तो इतकं जपून कशाला बिघडवेल?

३

फ्रेमवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच आहे. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की त्याच्या हातोडीलासुद्धा कंटाळा येतो.

"फ्रेमवाले काका, काल आमच्याकडे काय काय केलंत?"

"कड्या लावल्या, तार ओढली. एकतीस चित्रं. पाठ मोडली माझी. ताई बऱ्या आहेत ना?"

"ताई प्रदर्शन रद्द करतायत."

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो टेबलाखाली घरंगळत गेला, आणि हा मोठा माणूस त्याच्या मागे वाकला तो वर यायलाच तयार नाही.

"काका, तुमचे स्क्रू नेहमीच असे पडतात का?"

टेबलाखालून आवाज आला, "एखादा पडतो."

"कालही पडला होता?"

तो वर आला, तोंड लाल.

"कड्या लावताना चित्र पालथं घालावं लागतं ना. खाली मऊ कापड घातलं होतं, देवाशपथ. पण कापडावर एक स्क्रू राहिला. मी चित्र सरकवलं आणि टर्रकन आवाज आला. उचलून बघतो तर..." त्याने कपाळाला हात लावला. "बाकीच्या तीस चित्रांपैकी एखाद्याला लागलं असतं तर! नेमकं ताईंच्या त्याच चित्राला!"

"मग सांगितलं का नाही?"

"तोंड कसं उघडणार? त्यांनी पहिलं चित्र विकलं ना, त्याची फ्रेम माझ्या वडिलांनी केली होती. मी तेव्हा सरस ढवळत बसायचो. सर आणि ताई दोघं यायचे, एकच छत्री, आणि छत्री चित्रावर धरलेली. दोघं भिजलेले, चित्र कोरडं." तो हसला आणि लगेच गप्प झाला. "मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि पळालो. आज येऊन सांगणारच होतो. खरंच."

"आणि रंग?"

"कसला रंग?"

"ओरखड्यावर लावलेला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला नाचायला सांगितलंय. "बाळ, मी दार रंगवतो तर शेजारची भिंत रंगते. ताईंच्या चित्राला ब्रश लावीन मी?"

खरं होतं. त्याच्या दुकानाचं दार मी पाहिलंय.

ओरखड्याचा माणूस सापडला. पिवळ्याचा माणूस अजून बाहेरच होता.

४

परत आले तर शिष्या आली होती. ती मावशीकडे सहा वर्षं शिकतेय, आता स्वतःही चित्रं विकते. हॉलमधल्या काचेच्या कपाटासाठी ती आल्बममधले जुने फोटो निवडत होती. मावशी आतल्या खोलीत डोळ्यांवर पदर घेऊन पडली होती.

मी सरळ विचारलं. मला आडवळणं जमत नाहीत. "ताई, तुझं चित्र प्रदर्शनात ठेवायला मावशी नाही म्हणाली, त्याचा राग आला होता ना?"

"आला होता," ती म्हणाली. "दोन दिवस फोन उचलला नाही. मग वाटलं, बरोबर आहे त्यांचं. हे त्या दोघांचं आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. "कशाबद्दल विचारतेयस?"

मी पडदा वर केला. तिचा हात तोंडावर गेला. पण पहिलं वाक्य काय आलं माहितेय?

"शी! हा पिवळा कोणी लावला इथे? इथे थंड पांढरा हवा, किंचित निळसर!"

माझ्या वहीतलं तिचं नाव मी तिथेच खोडलं. हिला दुरुस्त करायचं असतं तर झोपेतही तिने हा रंग घेतला नसता. आणि बिघडवायचं असतं तर घड्यांचा मान कशाला ठेवला असता? शिवाय काल सहा ते आठ ती मावशीबरोबरच होती.

"हॉलवर काल काही झालं का?" मी विचारलं.

ती घुटमळली. आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "बाई बोलल्या काहीतरी. मला म्हणत होत्या, पण मॅडमच्या कानावर गेलं. म्हणाल्या, सरांनी रंग उगाच नाही सोडले. तीस वर्षं बायकोच्या नावाने ओळखलं जायचं म्हणजे आत काय काय साठत असेल. एक दिवस बाहेर पडेल, म्हणाल्या."

"मावशी काय म्हणाली?"

"काही नाही. वाटेत एकदाच म्हणाल्या, 'कोळसा बरा नाही गं, फार काळा असतो.'"

मी आल्बम घेऊन बसले, कारण मन जड झालं की मी फोटो बघते. काय फोटो होते! कॉलेजातली मावशी, दोन वेण्या, आणि चेहऱ्यावर जगाला धडा शिकवायचा बेत. काका इतके बारीक की ईझल कुठलं आणि ते कुठले कळू नये. एका फोटोत ती एकच खोली, तेच टेबल, आणि काका तोंडात टाचण्या धरून टेबलावरच्या चादरीच्या घड्या नीट करतायत.

"हा त्याच चित्राच्या वेळचा," शिष्या म्हणाली. "सात आठवडे. चादर रोज रात्री अंथरायला लागायची, घरात दुसरी नव्हती. म्हणून सर रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तश्शाच घड्या पुन्हा घालायचे आणि टाचून ठेवायचे. मॅडम म्हणतात, एक घडी इकडची तिकडे व्हायची नाही."

दुसऱ्या फोटोत दोघं हातात पॅलेट धरून एकमेकांवर ओरडत होते.

"आणि हे पांढऱ्याचं भांडण," ती हसली. "सर पांढरा अंगठ्याला लागून ठेवतात. म्हणतात, डोळे मिटूनसुद्धा सापडला पाहिजे. मॅडमना पांढरा ढीगभर लागतो, म्हणून त्या तो पार टोकाला ठेवतात, सभोवती मोकळी जागा सोडून. चाळीस वर्षं भांडतायत. कोणी हटलं नाही."

मी फोटो खाली ठेवला. आतून कोणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं.

"ताई, मावशीच्या पॅलेटवर अंगठ्यापाशी काय असतं?"

५

मावशीचं पॅलेट खिडकीपाशी स्टुलावर होतं. पॅकिंग सुरू झाल्यापासून तीन दिवस तिने ब्रश धरला नव्हता, त्यामुळे रंगांच्या ढिगांवर दुधावर धरते तशी साय धरली होती. टोकाला पांढऱ्याचा मोठा ढीग. त्याची साय अखंड, सुरकुतीसुद्धा नाही. म्हणजे पांढऱ्याला कोणी हात लावला नव्हता.

अंगठ्याच्या भोकाला लागून फिका पिवळा. त्याची साय फाटलेली. आत ब्रशचा खड्डा.

मी तिथेच स्टुलाशेजारी बसकण मारली आणि डोकं दोन्ही हातांत धरलं, सुटून जाऊ नये म्हणून.

माणूस येतो. ओरखडा बघतो. तो भरून काढायचा आहे. तो पॅलेट उचलतो, अंगठा आत घालतो आणि अंगठ्याशेजारी ब्रश बुडवतो, कारण पांढरा तिथेच असतो. त्याच्या पॅलेटवर. चाळीस वर्षं. पण काकांचं पॅलेट गुरुवारीच काचेच्या कपाटासाठी हॉलवर गेलं होतं. हे मावशीचं.

इथपर्यंत ठीक. सवयीने हात चुकला. पण पहिला फटकारा मारल्यावर तरी दिसेल ना? पांढऱ्या चादरीवर पिवळा! रंगांत आयुष्य घालवलेला माणूस एक फटकारा मारेल, जीभ चावेल आणि पुसून टाकेल. इथे तर वीतभर पट्टा. शेवटपर्यंत जपून.

न दिसता असं कोण करेल?

न दिसता.

काळा मोजा, निळा मोजा. तुझा आवाज छान आहे, यादी वाच. वर्षभर कोळसा.

मी उठले, आणि तेवढ्यात जिन्यात काकांची शीळ ऐकू आली. घड्याळात पावणेपाच.

मावशी दारात उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"मी सांगितलं होतं ना, त्याला विचारायचं नाही," ती हळू म्हणाली. "तो फटकारा कोणाचा ते मी सकाळीच ओळखलं. बेचाळीस वर्षं बघतेय तो हात. कोणी केलं हे मला माहीत आहे गं. का केलं, ते मला ऐकवणार नाही."

म्हणजे ही बाई सकाळपासून गुन्हेगाराचं नाव मनात धरून पडून होती, आणि मी गावभर वही नाचवत होते! पण तिचा चेहरा बघून मला रागही येईना. बेचाळीस वर्षांचा सोबती मनात डूख धरून जगला का, एवढं एकच तिला भिववत होतं. प्रदर्शन त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

"मावशी, एकच प्रश्न विचारते," मी म्हणाले. "तुला ऐकायचं नसेल तर कान झाक."

तिने कान झाकले नाहीत.

६

काका हाशहुश करत आत आले. "भुंग्या, हॉलची भिंत अशी मस्त आहे! " मग शिष्येकडे वळून म्हणाले, "अगं, तू पण इथेच? गुंडाळायला सुरुवातच नाही अजून?"

मी चित्रावरचा पडदा काढला. "काका, ह्या पट्ट्याचा रंग बदलायला हवा ना?"

काका जवळ गेले. डोळे बारीक केले. मान इकडे केली, तिकडे केली. मग बोटाने घडीवरून हवेतच एक रेघ ओढली आणि खुशीत हसले.

"कुठला पट्टा?"

शिष्येच्या हातातला आल्बम फटकन मिटला.

"काका, तो पिवळा आहे," मी म्हणाले. "लोण्यासारखा पिवळा."

त्यांचं हसू हळूहळू उतरलं. ते मावशीकडे वळले, आणि मला पहिल्यांदा कळलं की ते मावशीकडे बघत नाहीत, ती कुठे असेल त्या अंदाजाने बघतायत.

"पिवळा आहे?"

"पिवळा आहे रे," मावशी म्हणाली.

काका खुर्चीत बसले. "मग गेलंच सगळं," म्हणाले. "काल चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं दिसलं. कोण ठेवतं असं? उलटं केलं, हात फिरवला तर बोटाला ओरखडा लागला. म्हटलं, तू येऊन बघशील तर चार दिवस जेवणार नाहीस. त्या घड्या मला पाठ आहेत. तुला कळायच्या आत भरून टाकू." त्यांनी कपाळ चोळलं. "तुझं पॅलेट घेतलं. तुझा तो टोकाचा पांढरा विसरलोच."

"डोळ्यांना काय झालंय?"

"मोतीबिंदू. दोन्हीकडे. पांढरा-पिवळा एक दिसतो, निळा-काळा एक दिसतो. कोळशाला बरं, त्यात चुकायला रंगच नसतो."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"वर्ष!" मावशीचा आवाज असा चढला की खालचा कुत्रा परत सुरू झाला. "ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, गाढवा! वर्षभर काय करत होतास?"

"तारीख लागत होती तेव्हाच हॉलचं नक्की झालं. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मला टायफॉइड झाला तेव्हा काय केलंस? परदेशातल्या प्रदर्शनाचं तिकीट हातात होतं, आणि तू माझ्या उशाशी बसून थर्मामीटर झटकत होतीस. त्यांनी परत कधी बोलावलं?" काकांनी हात झटकला. "म्हटलं, ह्या वेळी नको. प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग डोळे."

मावशी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. सकाळपासून मनात अडकलेलं शेवटी बाहेर आलं.

"एक खरं सांगशील? तुला कधी माझा राग आला नाही? शाळेत फुलदाण्या काढून घेत होतास, आणि मी इथे."

आता काका म्हणतील, छे छे, कधीच नाही. सगळे तसंच म्हणतात.

"आला की," काका म्हणाले. "बरेचदा आला. एकदा मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना माझी ओळख 'त्यांचे यजमान' म्हणून करून दिली, माझं नावच घेतलं नाही, तेव्हा घरी येईपर्यंत दात आवळून चाललो. रविवारी पाऊस लागला आणि उजेड गेला की आला. तू माझा चांगला ब्रश डब्यात डोक्यावर उभा ठेवून वाकडा केलास, तेव्हा तर आठवडाभर होता."

"मग?"

"मग काय! राग तुझ्यावर होता. चित्राने माझं काय केलं होतं?"

मावशी हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, ते पुसायला पदर, पदराला पिवळा रंग, आणि मग शिष्याही, मीही. काका मधेच विचारत होते, "काय झालं? मला दिसत नाही, सांगा तरी!"

मला वाटलं, आता ती तो पट्टा तसाच ठेवेल, प्रेमाची खूण वगैरे. सिनेमात ठेवतात. मावशीने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली.

"पुसतेयस?" काका म्हणाले. "इतका वाईट आहे?"

"भयंकर आहे. प्रेम वेगळं, टोन वेगळा."

तिने पिवळा सगळा उतरवला, थेंबही ठेवला नाही. मग पांढऱ्याची साय सुरीने बाजूला केली, त्यात निळ्याचा कण मिसळला, ब्रश भरला आणि तो काकांच्या हातात दिला.

"रंग मी बघते. घडी तू घाल."

काकांनी डावा हात कॅनव्हासच्या कडेला टेकवला, घडी जिथे सुरू होते ती जागा बोटाने शोधली आणि ब्रश खाली आणला. एकदा. दुसऱ्यांदा. मावशी कानाशी म्हणत होती, "थोडं डावीकडे. हं. आता सोड." ओरखडा दिसेनासा झाला. मी आणि शिष्या भिंतीला टेकून उभ्या होतो. आम्ही जन्मायच्या आधीची ती एक खोली कशी असेल, ते आम्हाला त्या पाच मिनिटांत कळलं.

खाली दार वाजलं. फ्रेमवाला होता, तोंड पाडून. मी काकांना दोन वाक्यांत त्याच्या स्क्रूची गोष्ट सांगितली. काकांनी वरूनच ओरडून सांगितलं, "ये रे, ये! रडू नकोस, आधी कागद गुंडाळायला लाग!"

७

सोमवारी प्रदर्शन उघडलं. मंगळवारी मावशीने काकांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, आणि काकांच्या तक्रारी ऐकायला मी नव्हते, हे माझं भाग्य.

हॉलमध्ये लोकांनी मावशीच्या चित्रांपुढे फोटो काढले. तिथून ते काकांच्या छपरांपाशी जायचे आणि बराच वेळ परत यायचे नाहीत. हॉलवाल्या बाई मला म्हणाल्या, "सरांचं काम इतकं आहे, आम्हाला कोणी सांगितलंच नाही!" मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत कधी?" आई असती तर डोळे वटारले असते. पण आई तिथे नव्हती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी काका आले. एक डोळा झाला होता, दुसरा पुढच्या महिन्यात. हॉल जवळजवळ रिकामा होता. मला वाटलं, आधी स्वतःच्या भिंतीकडे जातील. ते मावशीच्या भिंतीपासून सुरुवात करून एकेका चित्रापुढे थांबत गेले. गेल्या वर्षभरात तिने काढलेली नऊ चित्रं ते पहिल्यांदा बघत होते. मावशी चार पावलं मागे, हातांची बोटं एकमेकांत अडकवून, निकाल लागायच्या दिवशी आम्ही उभ्या राहतो तशी.

नवव्या चित्रानंतर काका वळले.

"इकडे ये," म्हणाले.

"काय? कुठलं चुकलंय?"

"अगं ये तर. इथे उभी राहा. दिव्याखाली."

मावशी उभी राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि पाहतच राहिले. केस, कपाळ, हनुवटीवरचा रंगाचा ठिपका, सगळं.

"असं काय बघतोस? लोक बघतायत," मावशी म्हणाली. पण हलली नाही.

हॉलवाल्या बाई घड्याळ दाखवत आल्या आणि एकेक दिवा घालवायला लागल्या. काकांनी मान न वळवताच हात वर केला.

"तो वरचा राहू द्या हो पाच मिनिटं. माझं बघून व्हायचंय."